एका अक्षराचा एकच क्रमांक

संगणकाला अक्षर कळत नाही. कळतो तो आकडा. मग 'क'साठी आकडा कोणता धरावयाचा? पूर्वी मराठी टंक तयार करणारे तो आपापल्या सोयीने ठरवीत. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेला मजकूर, तो टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी दिसे. १९९१ साली युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीला स्थान मिळाले. 'क'चा क्रमांक २३२५ ठरला. पुण्यात तोच, लंडनातही तोच.

जोडाक्षरे जुळवून दाखविण्याची सोयही आता संगणकात तयारच मिळते. त्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्याची बुद्धी 'क्ष'च्या आकारात न अडकता शब्दकोशाकडे, शुद्धलेखन तपासण्याकडे वळू शकते.

प्रमाणाने मोकळीक जाते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. युनिकोडात एकदा दिलेला क्रमांक बदलत नाही. चूक राहिली तर तीही राहते. परंतु याच स्थैर्यामुळे आज लिहिलेले उद्याच्या पिढीला वाचता येईल. तेवढ्यासाठी थोडी मोकळीक सोडणे आपणांस परवडण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.