समुद्रातले रिझर्व्हेशन

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. पण भर समुद्रातही असा रुमाल टाकतात असे आम्ही सांगितले, तर वाचकांना थट्टा वाटेल. ती थट्टा नव्हे.

कॅरिबियन समुद्रात प्वेर्तो रिकोच्या पूर्वेस ब्रिटिश व्हर्जिन बेटे आहेत. त्यांतल्या टॉर्टोला बेटावर १९६९ साली 'द मूरिंग्ज' ही शिडाच्या नौका भाड्याने देणारी कंपनी निघाली आणि पुढे हा धंदा तेथे फार वाढला. लोक आठवडाभर नौका घेतात, दिवसा शीड लावून हिंडतात, संध्याकाळी आडोशाच्या खाडीत मुक्काम करतात. पैसेवाल्यांचीच चैन ही, पण तिच्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

नौका रात्री बांधायची कशाला? नांगर टाकावा, तर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट साखळी सोडावी लागते. वारा फिरला की नौका फिरते आणि तळाची साखळी समुद्रगवत व प्रवाळ खरवडून काढते. ते गवत कासवांचे अन्न. प्रवाळ तर वर्षानुवर्षे तसूतसूने वाढणारे. म्हणून तळाशी काँक्रीटचा ठोकळा किंवा जमिनीत पिळून बसवलेला लोखंडी स्क्रू, त्याला दोर आणि वर तरंगणारा गोळा. गोदीत काम केलेली आमची मंडळी त्याला बोया म्हणून लगेच ओळखतील. आकडीने त्याचा दोर उचलायचा, त्याच्या फासातून आपला दोर ओवून नौकेला बांधायचा, झाले.

मात्र बोये थोडे, नौका फार. त्यामुळे जो तो दुपारच्या आत खाडी गाठायला धावे. काहीजण आपली छोटी होडी पुढे पाठवून ती बोयाला बांधून ठेवत. हाच तो रुमाल! दर्यावर्दी लोक या प्रकाराला नाके मुरडतात.

मग 'बोटीबॉल' नावाची सोय निघाली. त्याच रात्रीचा बोया सकाळी ७ वाजता मोबाईलवर धरायचा, भाडे चाळीस डॉलरच्या वर. आपल्या तत्काळ तिकिटासारखेच ते. ज्याचा अंगठा चपळ आणि नेटवर्क धड, त्याची चांदी. तरी आम्हांस ही सोय बरी वाटते. दमलेल्या माणसांना अंधार पडता पडता खडकांमध्ये जागा शोधावी लागत नाही. शिवाय सगळेच बोये आरक्षित नसतात. काही आधी येणाऱ्यासाठी मोकळे असतात, आणि ते तसेच राहावेत. वारा उलटला की पैसे भरले म्हणून कोणी जिवावर उदार होऊन नौका हाकू लागला, तर ते रिझर्व्हेशन काय कामाचे?

जाणते नावाडी मात्र बोया मिळाला तरी लगेच जेवायला बसत नाहीत. पोहण्याचा चष्मा लावून एकजण पाण्यात उतरतो, आणि दोर कोठे झिजला आहे का, हे खालपर्यंत पाहून येतो.