अमायलेज वाढले, पण कुठले?



पोटात कळ आली, रक्त तपासले आणि रिपोर्टात 'अमायलेज वाढले' असे आले, की गावात कुजबुज सुरू होते, "गडी पीत असणार!" दारूने स्वादुपिंडाला सूज येते हे खरे, पण पित्ताच्या खड्यांनीही येते. शिवाय वाढलेले अमायलेज दर वेळी स्वादुपिंडातलेच असते असे नाही.

अमायलेज हे स्टार्च फोडणारे द्रव्य. भाकरीचा घास बराच वेळ चघळला की गोड लागतो, तो त्याच्यामुळेच. उसाच्या रसातला स्टार्च कमी करायला साखर कारखान्यांतही ते वापरतात. शरीरात ते मुख्यतः लाळग्रंथींत आणि स्वादुपिंडात तयार होते. साध्या तपासणीत दोन्हींची बेरीजच दिसते. दोन पाटांचे पाणी एका हौदात आले, तर कुठल्या पाटाचे किती, हे कसे सांगणार? तसेच हे.

म्हणून डॉक्टर सोबत लायपेज तपासतात. ते मुख्यतः स्वादुपिंडातून येते. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ, ती पाठीत जाते, उलट्या होतात आणि लायपेज तिपटीहून जास्त, तर दुखणे बहुधा स्वादुपिंडाचेच. गाल सुजलेत आणि लायपेज ठीक आहे, तर गालगुंडाकडे बोट जाते. मूत्रपिंड मंदावले तरी अमायलेज रक्तात साचते. काहींच्या रक्तात त्याचे मोठे गठ्ठे बनतात, ते लघवीवाटे जात नाहीत. आकडा वाढलेला राहतो, पण आजार काहीच नसतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. कपाशीवर फवारणी असो की उसातल्या वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस, या ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या औषधांची बाधा झाली तरी अमायलेज वाढते. कधी लाळग्रंथींतून, कधी स्वादुपिंडालाच इजा होऊन. तोंडाला लाळ, दरदरून घाम, बारीक बाहुल्या, उलट्या ही त्याची खूण. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, हे विसरू नका.

तेव्हा दवाखान्यात गेल्यावर फवारणी केली असेल तर आधी सांगा, औषधाचा डबा किंवा चिठ्ठी सोबत न्या. दारू घेत असाल तर तेही लपवू नका. कळ असह्य असेल तर गावात इंजेक्शन घेऊन पडून राहू नका. जळगाव किंवा धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा. आणि शेजाऱ्याचा नुसता आकडा ऐकून त्याच्यावर शिक्का मारू नका, एवढीच आमची विनंती.