भाराची मजल

नया नगराच्या गल्ल्यांत घरसामान घेऊन आलेला लहानसा टेम्पो मागे घ्यावयाचा झाला, तरी कोणाला तरी खाली उतरून हात दाखवावा लागतो. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेची ही दाट वस्ती ओलांडून काशीमिऱ्याच्या नाक्यावर आले, की पूर्वी ८ क्रमांकाचा म्हणून परिचित असलेला आणि आता ४८ क्रमांक मिळालेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. आणि तेथून उत्तरेस, ठाण्याकडून आलेला घोडबंदर रस्ता ज्या ठिकाणी फाउंटन हॉटेलापाशी या महामार्गाला मिळतो, त्या ठिकाणी न्हावाशेव्याच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले ट्रेलर रात्री एकामागून एक वळण घेत असतात. या वाहनाविषयी आपली माहिती बहुधा एवढीच असते, की ते रस्ता अडवते. परंतु ज्याच्या पाठीवरून वीजकेंद्रांची रोहित्रे, तेलशुद्धीकरणाची अजस्र पात्रे, मेट्रोचे डबे आणि अग्निबाणांचे अवयव प्रवास करतात, त्या यंत्राचा यथोचित परिचय करून घेणे हे महामार्गाच्या शेजाऱ्यांचे कर्तव्यच आहे, असे मी मानतो.

अवजड वस्तू दूर नेण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नव्हे. अहमदनगरच्या निजामशाहीत मुहम्मद बिन हसन रूमी याने १५४९ साली ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ परांड्याच्या किल्ल्यातून १६३२ साली विजापुरास नेण्यात आली, तेव्हा तिला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, असे परंपरा सांगते. तिच्या जोडीची ‘कडक बिजली’ वाटेत नदीत बुडाली, असेही सांगतात. या वर्णनातील बैलांच्या संख्येने आपण चकित होतो. मला मात्र त्या बैलांपेक्षा, उतार आला असता तोफेच्या मागे दोर धरून राहिलेल्या माणसांचा विचार अधिक सुचतो. चढावर भार ओढावयास बळ वाढवीत गेले की भागते. उतारावर त्याच भाराला स्वतःची इच्छा उत्पन्न होते, आणि पुढे जुंपलेल्या चारशे बैलांपैकी एकाचाही तेथे उपयोग नसतो. भार ओढणे सोपे आणि आवरणे कठीण, हे सत्य तोफखान्याच्या मुकादमांना जितके ठाऊक असेल, तितकेच आज घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरात उतरणाऱ्या चालकाला ठाऊक असते. आणि ट्रेलरच्या रचनेत जी जी बुद्धी खर्च झाली आहे, तिचा मोठा वाटा या आवरण्याच्याच कामी लागलेला आहे.

ट्रेलरचे भाग दोन. पुढचा इंजिनाचा भाग, ज्याला चालक ‘घोडा’ म्हणतात, आणि मागचा भारवाहू सांगाडा, ज्याला स्वतःचे इंजिन नसते. या दोहोंना जोडणारी वस्तू पाहिली, तर पाहणाऱ्याचा विश्वास बसू नये इतकी ती लहान असते: सांगाड्याच्या पुढल्या भागाखाली लोंबणारी पोलादी खुंटी, किंगपिन, साधारणपणे ५० मिलिमीटर व्यासाची आणि अधिक भारासाठी ९० मिलिमीटरची. घोड्याच्या पाठीवर ग्रीस माखलेले एक पोलादी तबक असते. घोडा मागे घेतला की ही खुंटी तबकाच्या खाचेत शिरते आणि जबडा मिटून तिला पकडतो. जाणता चालक येथे कानांनी ऐकलेल्या खटक्यावर विसंबत नाही. ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून तो घोड्याला किंचित पुढे खेचून पाहतो, आणि मग खाली वाकून, विजेरीच्या उजेडात, जबडा पुरता मिटल्याची खात्री करून घेतो. त्यानंतरच हवेच्या नळ्या जोडल्या जातात.

या नळ्यांची योजना मला यंत्रशास्त्रातील अत्यंत सुजाण योजनांपैकी एक वाटते. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने १८७२ साली आगगाडीसाठी सिद्ध केलेल्या स्वयंचलित ब्रेकाचे तत्त्व असे, की हवेचा दाब शाबूत असेपर्यंत ब्रेक मोकळा राहावा आणि दाब गेला की तो आपोआप लागावा. म्हणजे डबा तुटून मागे राहिला, नळी फाटली, तर अपघात घडविण्याऐवजी तो बिघाडच गाडीला थांबवितो. ट्रेलरच्या दोन नळ्यांपैकी एक चालकाच्या पायाचा हुकूम मागे पोहोचविते आणि दुसरी मागच्या टाकीत हवा भरून ठेविते. ही दुसरी तुटली की मागची चाके जागच्या जागी आवळली जातात. सुस्थितीतील ट्रेलर घोड्यापासून सुटला, तर तो सैरावैरा धावत सुटू नये, एवढी तजवीज त्यात केलेली असते.

परंतु उतरणीवर केवळ ब्रेकावर भिस्त ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय, कारण सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकाची पकड क्षीण होत जाते. म्हणून बोरघाट असो, कसारा असो की घोडबंदरचा गायमुख असो, घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकून, इंजिनाच्या रोधावर गाडी तोलीत उतरावयाचे, आणि ब्रेकाचा स्पर्श मधून मधून, बेताने करावयाचा, हा या विद्येतील पहिला पाठ आहे. ओल्या रस्त्यावर घोड्याची मागची चाके आवळून घसरू लागली, तर मागचा पंचवीस-तीस टनांचा भार त्याला ढकलीत राहतो, आणि घोडा खुंटीभोवती फिरून स्वतःच्याच ट्रेलरच्या अंगाला जाऊन भिडतो. पावसाळ्यात महामार्गावर आडवा झालेला ट्रेलर आपण पाहतो, तो पुष्कळदा असाच झालेला असतो.

भार कोठे ठेवावयाचा, हाही तितकाच गंभीर प्रश्न. तो फार मागे सरकला, तर घोड्याच्या चाकांवरील दाब घटून त्यांची जमिनीवरील पकड सैल होते आणि मागचा भाग डुलू लागतो. फार पुढे आला, तर घोड्याच्या आसावर मर्यादेबाहेर वजन पडते. साखळ्या आवळून, त्या टर्नबकलने ताणून निघाल्यावर प्रारंभीच्या काही मैलांनंतर गाडी थांबवून त्या पुन्हा ताणाव्या लागतात, कारण हादऱ्यांनी भार बसत जातो आणि निघताना घट्ट असलेली साखळी वाटेत ढिली पडते.

आता जे भार सामान्य ट्रेलरच्या आवाक्यातले नाहीत, त्यांच्याकडे वळू. त्यांच्यासाठी ‘हायड्रॉलिक ऍक्सल’ नावाची रचना असते, आणि हिचे वर्णन करताना लेखणी थोडी रेंगाळली तर वाचकांनी क्षमा करावी. येथे प्रत्येक ओळीत आठ टायर असतात. अशा ओळी भाराप्रमाणे एकीस एक जोडीत नेता येतात. प्रत्येक ओळ तेलाच्या दट्ट्यांवर उभी असते, आणि हे दट्टे गटागटाने नळ्यांनी परस्परांशी जोडलेले असतात. एक चाक खड्ड्यात उतरले, की शेजारच्या दट्ट्यातील तेल त्याच्याकडे वाहते. ते खाली पोहोचते, दुसरे किंचित आखडते, वरचा पाटा समतल राहतो आणि गटातील प्रत्येक ओळीवर सारखाच भार येतो. प्रत्येक ओळीची चाके वळणाप्रमाणे निरनिराळ्या कोनांत फिरतात, आणि अरुंद कोपऱ्यावर मागचा ऑपरेटर पायी चालत, हातातील नियंत्रकाने, मागच्या ओळींना स्वतंत्रपणे वळवितो. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या किंवा साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची प्रचंड पाती चढविली गेली, तीही मागची चाके वेगळी वळविण्याच्या अशाच युक्तीने.

कायद्याने वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत मर्यादित केली आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अवजड अग्निबाणासाठी एस-२०० या मोटरची जी पोलादी आवरणे घडविली जातात, त्यांचा व्यासच ३.२ मीटर आहे. म्हणजे कारखान्याच्या दरवाजातून बाहेर पडताक्षणी तो माल सामान्य नियमाच्या हद्दीबाहेर जातो आणि त्याला विशेष परवाना लागतो. परवान्यापूर्वी मार्गाची पाहणी होते: कोणता पूल किती वजन सोशील, विजेच्या तारा किती उंचीवर आहेत, कोणत्या गावातील वळण सुटेल आणि कोणते अडेल. मग पुढे पायलट गाडी, मागे इशाऱ्याची गाडी, आणि तारा उचलण्यासाठी लांब बांबू घेतलेली माणसे, असा सगळा लवाजमा निघतो. पूर्वी यात जकातीची भर असे; १ जुलै २०१७ रोजी मुंबईची जकात उठली आणि आमच्या शेजारच्या दहिसर नाक्यावरील कागदपत्रांसाठीची ती प्रदीर्घ प्रतीक्षा संपली. तिच्या जागी आलेल्या वस्तू व सेवा कराच्या नियमांत एक तरतूद मोठी मार्मिक आहे. सामान्य मालाच्या ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. आकारमानाने अवाढव्य मालाला मात्र अवघ्या २० किलोमीटरमागे एक दिवस. हत्ती-घोड्यांच्या काळातील मजल याहून फार मोठी नसे, आणि सरकारने आपल्या नियमात ही संथ गती मान्य केली, हे मला शहाणपणाचे वाटते.

या गतीलाही लाजविणारा एक प्रवास अलीकडेच महाराष्ट्रातून झाला. अंतराळयानांचे संमिश्र पदार्थांचे भाग उष्णता व दाब देऊन पक्के करणारे, सुमारे ७० टनांचे, साडेसात मीटर उंच आणि ६.६५ मीटर रुंद असे ऑटोक्लेव्ह तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे जुलै २०१९मध्ये निघाले, ते चार राज्ये ओलांडून जुलै २०२०मध्ये केरळात पोहोचले. वाहनाला ७४ चाके आणि सोबत सुमारे ३० माणसे. दिवसाची मजल सुमारे ५ किलोमीटर. कोठे रस्ता सपाट करून घ्यावा लागला, कोठे झाडे तोडावी लागली, कोठे विजेचे खांब हलवावे लागले. आणि वाटेत टाळेबंदी आली, तेव्हा हा काफिला परप्रांतात अडकून पडला. विमानाने दोन तासांत होणाऱ्या या वाटेवर एक संपूर्ण वर्ष गेले, आणि यंत्र सुखरूप पोहोचले. आपल्या अंतराळविक्रमांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या माणसांसाठी एक परिच्छेद अवश्य राखून ठेवावा.

रस्त्याच्या बाजूनेही या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे. जुलै २०१८च्या अधिसूचनेने चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली आणि जोडवाहनाच्या एकूण वजनाची मर्यादा ५५ टनांपर्यंत वाढविली. वसई खाडीवरील जुन्या वरसावे पुलाने याआधीच २०१३ आणि २०१६ साली दुरुस्तीसाठी अवजड वाहनांना अटकाव पाहिला होता. २०२३ साली शेजारी नवा पूल खुला झाला, तोवर या सर्व परिसराने त्या अटकावाचे परिणाम सोसले. मर्यादा वाढविताना पुलांची कैफियत आधी ऐकावयास हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि वाढविलेल्या मर्यादेचाही जे भंग करतात, त्यांना दंडाबरोबर जागेवरच भार उतरविण्यास भाग पाडले पाहिजे.

आणि चालकांविषयी. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली; १ ऑक्टोबर २०२५पासून घडणाऱ्या नव्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले, हेही इष्टच झाले. परंतु विश्रांतीचा हक्क देणे आणि विश्रांतीची जागा देणे यांत अंतर आहे. दिवसा बंदी म्हणून रस्त्याकडेला थांबविलेल्या ट्रेलरच्या सावलीत, खालीच पथारी पसरून झोपलेला माणूस रात्री तीस टन घेऊन गायमुख उतरणार असतो. घोडबंदर आणि काशीमिऱ्याच्या दरम्यान पाणी, शौचालय आणि निवाऱ्यासह या वाहनांचा एक सुरक्षित तळ व्हावा, ही मागणी त्यांच्याइतकीच आपल्या जीविताची आहे.

तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. ट्रेलर वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून न जाता आतल्या बाजूने रस्ता कापतात. म्हणून डावीकडे वळावयाचे असता चालक आधी घोडा उजवीकडे, पुढे, चौकात लांबवर नेतो, आणि त्याच्या डाव्या अंगाला एक प्रशस्त मोकळी जागा उघडल्यासारखी दिसते. ती जागा क्षणार्धात मिटणार असते, आणि तेथे शिरलेला माणूस चालकाच्या आरशात दिसेलच असे नाही. नया नगरातून दुचाकीवर महामार्गाकडे निघणाऱ्या प्रत्येक तरुणाने, आणि त्याला गाडी घेऊन देणाऱ्या त्याच्या वडिलांनीही, हे ध्यानात ठेवावे, आणि वळणाऱ्या ट्रेलरच्या आतल्या बाजूला कधीही जाऊ नये.