मातीचा दम, मॅटचे घड्याळ

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत कबड्डीच्या जुन्या गड्यांची चर्चा निघाली की श्रेष्ठत्वाचा वाद बहुधा ‘मातीवरचा गडी’ आणि ‘मॅटवरचा गडी’ या दोन शब्दप्रयोगांपाशी येऊन थांबतो. वरवर पाहता हा दोन पिढ्यांच्या अभिमानाचा वाद दिसतो. परंतु खेळाचे नियम, मैदानाची घडण आणि गुण मोजण्याची रीत यांचा एकत्र विचार केला, तर जमीन बदलली की खेळाडूच्या अंगचा नेमका कोणता गुण लोकांच्या ध्यानात राहतो तेही बदलते, असे आढळते. म्हणूनच माजी खेळाडूंच्या आठवणींचा अभ्यास हा काही अंशी मैदानाचाही अभ्यास ठरतो.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. मात्र वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, देसाईगंज (वडसा) हा धानाचा पट्टा ‘झाडीपट्टी’ या एकाच नावाने ओळखला जातो आणि त्याचे उत्सवी वेळापत्रकही एकच आहे. धानाची कापणी आटोपली की मंडई, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा, शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके आणि कबड्डीचे सामने यांचा हंगाम सुरू होतो. पाहुणे एकाच निमित्ताने गावात येतात आणि एका मुक्कामात खेळ व नाटक दोन्ही पाहतात, त्यामुळे येथील चढाईपटूची ख्याती नाटकातील नटाच्या ख्यातीसारखीच तोंडी पसरत आली आहे.

या सामन्यांचे मैदान दरवर्षी नव्याने घडवावे लागते. गावाजवळची मोकळी जागा किंवा कापणी झालेली बांधी, म्हणजे धुऱ्यांनी वेढलेला धानाचा तुकडा, निवडला जातो. धसकटे खणून काढली जातात, ढेकळे फोडून खडे वेचले जातात, माती पसरून तिच्यावर पाणी शिंपडले जाते आणि ती धुमसाने ठोकून बसवली जाते. माती फार कोरडी राहिली तर धूळ उडते आणि गुडघे सोलतात, फार ओली राहिली तर पाय घसरतो. त्यामुळे पाणी केव्हा थांबवायचे याचा अंदाज ज्याला येतो, तो माणूस संघनायकाइतकाच महत्त्वाचा ठरतो. शेवटी चुन्याच्या फक्कीने रेषा आखल्या जातात आणि प्रेक्षकांना आवरण्यासाठी भोवती बांबू बांधले जातात.

अशा मातीवर गडी अनवाणी खेळतो आणि पायाची बोटे रुतवून जोर घेतो. चढाई करणारा खेळाडू ‘कबड्डी, कबड्डी’ असा उच्चार एका दमात करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, तेथील गड्यांना स्पर्श करून मध्यरेषेकडे परत येतो, आणि दम तुटला तर बाद होतो. पूर्वी चढाईची लांबी हा दमच ठरवीत असे, आणि म्हणून जुन्या चढाईपटूचे वर्णन करताना त्याने किती गडी मारले याआधी त्याचा दम किती मोठा होता हे सांगितले जाते. मातीचा आणखी एक गुण असा की ती साक्ष देते: पाय रेषेपलीकडे पडला की नाही याचा वाद झाला, तर पंचांना आणि कडेला बसलेल्या प्रेक्षकांना उमटलेला ठसा पाहता येतो. प्रेक्षक अशा रीतीने निवाड्यात सहभागी होतो, आणि ज्या निवाड्यात माणूस सहभागी झाला तो त्याच्या दीर्घकाळ स्मरणात राहतो.

या मातीतल्या खेळाला लिखित नियम लाभण्याची प्रक्रिया विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात आणि बडोद्यात घडली. तेव्हा तो ‘हुतूतू’ या नावानेही ओळखला जात होता आणि त्याचे प्रकारही अनेक होते. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा जिवंत होत असे, तर गामिनी प्रकारात बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसत असे. आजचे नियम मुख्यतः संजीवनीवर उभे आहेत. विदर्भाचा वाटा येथे लक्षणीय आहे, कारण अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची जी प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डीचाही समावेश होता. पुढे 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून झाली आणि 1990 च्या बीजिंग स्पर्धेपासून तिला पदकाचा दर्जा मिळाला.

आंतरराष्ट्रीय मान्यतेबरोबर खेळ छताखाली गेला आणि माती जाऊन मॅट आली. मॅट म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या चौकोनी, मऊ तुकड्यांची सलग बैठक. पुरुषांसाठी तिच्यावर 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद आणि महिलांसाठी 12 बाय 8 मीटरचे मैदान आखले जाते. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा असते, जी चढाईपटूने गडी न मारता परतण्यापूर्वी ओलांडलीच पाहिजे, आणि तिच्यापलीकडे 1 मीटरवर बोनस रेषा असते. या बैठकीवर बोटे रुतत नाहीत, म्हणून बूट घालावे लागतात. पडल्यावर अंग सोलत नाही, म्हणून बचाव करणारा खेळाडू बिनधास्त झेप घेतो आणि धडक मारतो. मातीवर घोटा धरून ठेवण्याला जितके मोल होते, तितकेच मोल मॅटवर चढाईपटूला वेगाने रेषेबाहेर ढकलण्याला आले, आणि एकाच जागी पाय रोवून चकवणाऱ्या गड्यापेक्षा दिशा झपाट्याने बदलणारा गडी वरचढ ठरू लागला.

याहून खोल बदल घड्याळाने घडवला. आता एका चढाईला 30 सेकंदांची मर्यादा असते. दम अजूनही एकच लागतो, पण ज्याचा दम त्याहून लांब चालतो त्याला त्याचा फारसा लाभ उरत नाही. 26 जुलै 2014 रोजी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवण्याची सक्ती घराघरांत पोचवली, आणि तिच्यासोबत मोजमापाची नवी परिभाषाही आणली: एका सामन्यात चढाईचे 10 गुण म्हणजे ‘सुपर टेन’, पकडीचे 5 गुण म्हणजे ‘हाय फाइव्ह’. मॅटवर ठसा उमटत नाही, त्यामुळे ठशाची जागा कॅमेऱ्याने घेतली. मातीवरचा गडी आठवणीत राहतो तो त्याच्या ढबीने, मॅटवरचा राहतो तो आकड्यांनी. आणि ढब व आकडा यांची तुलना करू पाहणारा वाद कधीच मिटत नाही, याचे कारण दोन्ही बाजूंची मापेच वेगळी आहेत.

असाच पेच अमेरिकेतील फुटबॉलमध्येही उभा राहिला होता. तेथे 1968 ते 1984 या काळात मोकळ्या मैदानावर खेळली जाणारी नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग आणि 1978 मध्ये सुरू झालेली, आइस हॉकीच्या बंदिस्त रिंगणात कृत्रिम हिरवळ अंथरून प्रत्येकी सहा खेळाडूंनी खेळायची मेजर इंडोर सॉकर लीग काही वर्षे शेजारी-शेजारी चालल्या. बंदिस्त मैदानात चेंडू कडेच्या फळ्यांवर आपटून परत येत असल्याने खेळ क्वचितच थांबे आणि गोलांची बरसात होई. युगोस्लाव्हियातून आलेला स्टीव्ह झुंगुल न्यूयॉर्क ॲरोज संघाकडून या प्रकाराचा सम्राट मानला गेला. परंतु त्या रिंगणात न उतरलेल्या पेलेशी त्याची तुलना कोणत्या मापाने करावी, हा प्रश्न तेथेही अनुत्तरितच राहतो. वनजिल्ह्यांतील कबड्डीप्रेमींना हा प्रश्न परका वाटणार नाही.

मॅटचे गुण नाकारता येत नाहीत. तिने दुखापती कमी केल्या, पावसाळ्यातही खेळ शक्य केला आणि तो परदेशात रुजवला. 2018 च्या आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणच्या पुरुषांनी भारताला 27-18 असे हरवले, तेव्हा सलग सात सुवर्णपदकांची परंपरा खंडित झाली आणि हा खेळ आता एकट्या भारताचा उरला नाही हे स्पष्ट झाले. अडचण निराळीच आहे: दुर्गम गावातील मुलगा सराव मातीवर करतो आणि निवड चाचणी मॅटवर देतो. 1858 मध्ये चंद्रपूरच्या कारागृहात फाशी गेलेले वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने गडचिरोली पोलीस दलाने भरवलेल्या कबड्डी स्पर्धांमुळे दूरच्या गावांतील संघांना जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत येण्याची वाट मिळाली. पण त्या वाटेवर पुढे गेलेल्या खेळाडूला कुठे तरी अनवाणी पायांत बूट चढवून नव्याने उभे राहणे शिकावेच लागते.

नोंदींच्या बाबतीतही या भागाचे स्थान वेगळे आहे. राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून स्वतंत्र उतरतो, त्यामुळे मुंबई, पुणे आणि कोल्हापूरच्या खेळाडूंभोवती रचलेल्या महाराष्ट्र कबड्डीच्या इतिहासात येथील जुन्या गड्यांना सहज जागा मिळत नाही, आणि त्यांची नावे मुख्यतः बोलण्यातूनच पुढच्या पिढीकडे जातात. मैदान मागे खूण ठेवत नाही. पावसाळा आला की त्याच बांधीत चिखलणी होते आणि रेषांवर रोवणी केली जाते. मागे उरतात ती मंडळांनी जपलेली निमंत्रणपत्रे, बक्षिसांच्या वह्या आणि पंचांची गुणपत्रके. ती एकत्र करताना खेळाडूच्या नावापुढे गुणांबरोबरच सामना मातीवर झाला की मॅटवर, एवढी एक नोंद जोडली, तर श्रेष्ठ कोण हा वाद मिटणार नाही, परंतु तो कशाविषयी आहे हे पुढच्या वाचकाला निदान कळेल.