किशोरांचे दुर्वर्तन आणि मेंदूतील पांढरे तंतू

एखादा तेराचौदा वर्षांचा मुलगा वारंवार चोऱ्या करतो, धाकट्यांना बेदम मारतो, मुक्या जनावरांचा छळ करतो, रात्ररात्र घराबाहेर राहतो. आईबाप कपाळाला हात लावतात, शिक्षक छडी उचलतात आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘सुंभ जळेल, पण पीळ जळणार नाही.’ अशा वागणुकीला मानसवैद्यक वर्तनविकार म्हणते. एखाददुसरी खोडी म्हणजे हा विकार नव्हे. इतरांचे हक्क तुडविणारे वर्तन दीर्घकाळ व पुनःपुन्हा घडावे लागते.

मग हा पीळ मेंदूतच असतो काय?

मेंदूच्या करड्या पृष्ठभागाखाली पांढरे द्रव्य असते. ते म्हणजे पेशीपेशींना जोडणाऱ्या तंतूंची जुडगी. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असावे तसे त्या तंतूंवर मायेलिनचे स्निग्ध वेष्टन असते. त्यामुळे संदेश त्वरेने धावतात. हे वेष्टन चढण्याचे काम विशीतही चालूच असते. यांपैकी एक आकड्यासारखा वळलेला जुडगा भय व भावना यांच्या केंद्रांना कपाळामागील भागाशी जोडतो. परिणामांचा विचार करण्यात या भागाचा मोठा वाटा असतो.

पाण्याचे कण तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे सरकताना अडतात. चुंबकीय प्रतिमांद्वारे ही हालचाल मोजून तंतूंच्या रचनेचा अंदाज बांधण्याची रीत १९९४ च्या सुमारास पुढे आली. समाजविघातक वृत्तीच्या प्रौढांत हा जुडगा दुबळा असल्याचे २००९ साली एका ब्रिटिश अभ्यासात दिसले. किशोरांतही तसेच आढळावे, असे कोणासही वाटेल. परंतु २०१२ व २०१३ सालच्या अभ्यासांत वर्तनविकार असलेल्या किशोरांचे माप उलट अधिक भरले! हे मार्ग अकाली पक्व होत असावेत, असा तर्क त्यावरून केला गेला. इतर काही अभ्यासांचे निष्कर्ष मात्र निराळे आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात मुख्य फरक दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या सेतूत दिसला. तर काही मार्गांत मुलगे व मुली यांच्यातील फरक परस्परविरुद्ध निघाले.

हे सारे फरक गटांच्या सरासरीतील आहेत, हे विसरता कामा नये. एकट्या मुलाची प्रतिमा पाहून तो गुन्हेगार होईल की नाही, हे कोणताही तज्ज्ञ सांगू शकत नाही. शिवाय रचनेमुळे वर्तन बिघडले, की आनुवंशिकता आणि बालपणी सोसलेला छळ यांनी दोहोंवर परिणाम केला, हेही अशा एका प्रतिमेवरून ठरत नाही. भारतात २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार, निर्घृण अपराधाचा आरोप असलेल्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची मानसिक क्षमता न्यायमंडळाला अजमावावी लागते. तेथे अशा प्रतिमेला साक्षीदार करणे म्हणजे शास्त्राच्या नावाने अन्याय करणे होय.

उपाय मात्र आहेत. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना दिलेले शिक्षण, आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत घर, शाळा व वस्ती यांना एकत्र घेऊन केलेले साहाय्य, यांचा उपयोग होतो. जळालेल्या सुंभाचा पीळ कायम राहतो, हे खरे. पण किशोराच्या मेंदूतील दोर अजून वळला जात आहे.