पुरी म्हणजे पृथ्वी

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ या गावी अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात एक वर्तुळ आखले जाते. वर्तुळावर 18 धान्ये मांडतात: ज्वारी, बाजरी, गहू, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी, अंबाडी, करडी, मसूर, भादली आणि आणखी काही. मधोमध खड्डा. त्यात मातीची चार ढेकळे. ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर, म्हणजे समुद्र. घागरीवर पुरी, म्हणजे पृथ्वी. जोडीला पापड, भजे, वडा, सांडोळी, कुरडई, करंजी. सांडोळी-कुरडई म्हणजे गुरांचा चारापाणी, करंजी म्हणजे देशाची तिजोरी. पानविडा आणि सुपारी म्हणजे राजा आणि त्याची गादी.

रात्री तिथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास वाघ घराण्यातले जाणते या मांडणीची, म्हणजे घटाची पाहणी करतात. कोणते धान्य जागचे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, पुरी आहे का, पान जागेवर आहे का, हे बघून पीकपाणी, रोगराई आणि राज्यकारभाराचे भाकीत जमलेल्या शेतकऱ्यांना ऐकवले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही घटमांडणी सुरू केली, असे परंपरेने सांगितले जाते.

दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर बातमी येते ती भाकिताची. मांडणीबद्दल कोणी फारसे बोलत नाही. माझ्या दृष्टीने भेंडवळची खरी दौलत ती मांडणीच आहे. शेती, हवामान, अर्थकारण, संरक्षण आणि आरोग्य एवढा सगळा संसार काही हात रुंदीच्या जमिनीवर, अक्षर न लिहिता उतरवायचा आणि शेकडो लोकांना एकाच वेळी वाचता येईल असा उतरवायचा, हे साधे काम नाही. साध्या खुणांनी विचार मांडण्याची एक पक्की रीत त्यामागे आहे.

खुणा कशा ठरतात

घटातल्या खुणा निरखल्या तर त्यांचे तीन प्रकार दिसतात. पहिला सरळ: ज्वारी म्हणजे ज्वारी, तूर म्हणजे तूर. वस्तूच स्वतःची खूण. दुसरा सारखेपणाचा. पुरी गोल आणि फुगीर, म्हणून पृथ्वी. घागरीत पाणी, म्हणून समुद्र. करंजीच्या पोटात सारण भरून कडा मुरडून बंद केलेल्या, म्हणून तिजोरी. पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही हे पटते. तिसरा प्रकार केवळ ठरावाचा. भादली म्हणजे रोगराई, मसूर म्हणजे परकी शत्रू, अंबाडी म्हणजे कुलदैवत. हे कोणीतरी सांगावे लागते, आणि एकदा सांगितले की पिढ्यान्‌पिढ्या चालते.

करडीची खूण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. घटात करडी म्हणजे देशाचे संरक्षण. करडईचे झाड काटेरी. गुरांनी पिकात तोंड घालू नये म्हणून शेताच्या कडेने करडईच्या ओळी पेरण्याची चाल कोरडवाहू भागात जुनी आहे. ज्याने आपल्या हरभऱ्याभोवती करडी पेरली, त्याला सीमेवरच्या फौजेसाठी दुसरी खूण शोधायची गरजच पडली नसावी. बांधावरचा अनुभव उचलून थेट देशाच्या सीमेवर नेऊन ठेवला आहे.

खुणेइतकेच महत्त्व जागेला आहे. धान्य जागच्या जागी राहिले तर पीक साधारण. दाणे आत किंवा बाहेर पसरले तर पिकात आणि भावात चढउतार. चार ढेकळांचा क्रम ठरलेला: जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. ढेकळाची ओल जास्त-कमी असेल तसा त्या महिन्याचा पाऊस जास्त-कमी धरायचा. म्हणजे वस्तू काय सांगायचे ते सांगते, आणि जागा किती आणि केव्हा ते सांगते. आजचा आलेख याच दोन पायांवर उभा असतो.

आखजीच्या घरातूनच आलेली सामग्री

ही सामग्री आली कुठून, याचे उत्तर त्या दिवसातच आहे. वऱ्हाडात अक्षय तृतीयेला आखजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात. उन्हाळी वाळवणे झालेली असतात. पापड, कुरडया, सांडोळ्या डब्यात भरलेल्या असतात. सणाची पुरी, भजी, वडे तळलेले असतात. कणगीत पेरणीसाठी राखलेले बी असते. घट मांडणाऱ्याला खुणांसाठी कुठे लांब जायची गरजच नव्हती. चुलीजवळ आणि कणगीत हाताशी होते त्यातूनच त्याने समुद्र, पृथ्वी, राजा आणि तिजोरी उभी केली. वाचणाऱ्याच्या रोजच्या हाताळणीतली वस्तू खूण म्हणून घेतली, की ती समजावून सांगावी लागत नाही.

चार ढेकळांना एवढे वजन का, हे समजायला भूगोल पाहावा लागतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात बुलढाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतून खारपाण पट्टा गेला आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतली कितीतरी गावे त्यात येतात. जमीन काळी, कसदार. पण खालचे पाणी खारे. विहीर खोदली तरी ते पाणी पिकाला मानवत नाही, माणसालाही नाही. आभाळातून पडेल तेवढेच गोड. अशा मुलखात जूनचे ढेकूळ किती भिजले, या प्रश्नात बियाण्याचा खर्च, सावकाराचा तगादा आणि मुलीचे लग्न सगळे गुंतलेले असते.

भाकिताबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मातीच्या घागरीतून पाणी पाझरते. कोणते ढेकूळ जास्त ओले होईल ते घागरीचा कल, मातीचा पोत आणि ढेकळाचा आकार ठरवतो. दाणे वाऱ्याने, मुंग्यांनी, किड्यांनी, पाखरांनी हलतात. मोसमी पाऊस ठरतो तो हिंदी महासागर आणि प्रशांत महासागराच्या तापमानावर, हवेच्या दाबावर, वाऱ्यांवर. भेंडवळच्या मुंगीला एल निनोची खबर नसते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भाकितांना केलेला विरोध योग्यच आहे; घटाकडे बघून कोणी पेरणी ठरवली आणि ती उलटली, तर भुर्दंड त्या घरालाच बसतो. पण भाकीत खोटे म्हणून ते मांडणारी भाषाही टाकाऊ, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

अंगणातली रेघ

ही भाषा एकट्या भेंडवळची नाही. योगायोग असा, की ज्या दिवशी तिथे घट मांडला जातो, त्याच दिवशी महाराष्ट्रातल्या घराघरांतले चैत्रांगण संपते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर अंगणात रांगोळीच्या खुणांचे चित्र काढले जाते: सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, मोर, फणी-करंडा.

एक खूण काढताना बघावी. चिमटीतून रांगोळीची धार सुटते. दोन उभ्या रेघा, वर एक आडवी. आडवीतून खाली लोंबत्या दोन बारीक रेघा, त्यांच्या टोकांना जोडणारी एक पाटी. झाला गौरीचा झोपाळा. कासवाला एक गोल, चार टिचभर पाय आणि डोके पुरते. नागाला एक वळणदार रेघ आणि फणा. झोपाळ्याची लाकडे किती जाड, कासवाच्या पाठीवर नक्षी कशी, हे कोणी विचारत नाही. ओळख पटेल तेवढीच रेघ, त्यापुढे चिमूट बंद. अंगणभर खुणा काढायच्या आणि ऊन चढायच्या आत कामाला लागायचे, या निकडीतून ती काटकसर आली आणि तीच तिची शोभा झाली.

सातपुड्यात याहून जुने पुरावे आहेत. अमरावतीच्या डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2007 साली मोर्शीच्या वर, मध्य प्रदेशाच्या हद्दीत धारूळजवळ अंबादेवी परिसरातल्या शैलाश्रयांत प्रागैतिहासिक चित्रे सापडली. तीही अशीच: थोड्या रेषांतला हत्ती, थोड्या रेषांतला माणूस. याच डोंगररांगेत राहणारा कोरकू समाज मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरतो. त्या फळीला मुंडा म्हणतात. गेलेल्या माणसाचा चेहरा तिच्यावर नसतो. तरी कोरकूंना तिचा अर्थ विचारावा लागत नाही.

मतपेटीवरचा दिवा

1951-52 साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा तिलाही अशाच खुणांचा आधार घ्यावा लागला. मतदार 17 कोटींहून जास्त आणि 1951च्या जनगणनेनुसार साक्षरता जेमतेम 18 टक्के. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचा प्रश्न होता, की नाव वाचता न येणाऱ्याने आपला माणूस ओळखायचा कसा? उत्तर चित्रात सापडले. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह: काँग्रेसची जू घातलेली बैलजोडी, जनसंघाचा दिवा, समाजवादी पक्षाचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचे कणीस-विळा. मतदाराने पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा, की मत झाले. शिक्का मारायची पद्धत नंतर आली.

ही चिन्हे मोजक्या रेषांची आणि दुरून ओळखू येतील अशी असावी लागत. पुढे आयोगासाठी एम. एस. सेठी यांनी वर्षानुवर्षे पेन्सिलीने चिन्हे रेखाटली. 1992 साली ते निवृत्त झाले. त्यांच्यासारख्यांच्या हातची कपबशी, शिलाई मशीन आजही अपक्षांच्या यादीत भेटतात. साक्षरता वाढली, मतयंत्रे आली, तरी चिन्ह गेले नाही. अक्षरे वाचता येणारा मतदारही बटण दाबण्याआधी चित्रच शोधतो. चिन्ह ही फक्त निरक्षरांसाठी केलेली सोय असती, तर ती केव्हाच बंद पडली असती.

युरोपातही याच वाटेने काहीजण गेले. व्हिएन्नात 1925 साली ओटो नॉइराट यांनी समाज आणि अर्थव्यवहाराचे एक संग्रहालय उघडले. कामगारांना आकडेवारी कळावी म्हणून त्यांनी माणूस, घर, पोते यांची साधी चिन्हे वापरली; ती गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने घडवली. संख्या वाढली की चिन्ह मोठे करायचे नाही, तेच चिन्ह पुन्हा मांडायचे, हा त्यांचा नियम. आज रेल्वे स्थानकांवर आणि दवाखान्यांत दिसणाऱ्या खुणांवर त्या कामाची छाप आहे.

स्मरणशक्तीचाही याच्याशी संबंध आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही शब्द नुसते लिहायला आणि काहींचे चित्र काढायला सांगितले. चित्र काढलेले शब्द जास्त आठवले. चित्रासाठी चारच सेकंद दिले तरी आठवले, आणि चित्र चांगले की वाईट याने फरक पडला नाही. वस्तूचे मुख्य अंग कोणते, याचा विचार केल्यावाचून तिचे चित्र निघत नाही. तो विचारच लक्षात राहतो.

घटाकडून नकाशाकडे

1980च्या दशकाच्या अखेरीस ग्रामविकासात लोकसहभागाची नवी पद्धत रुजू लागली. विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनातून ती जगभर पोहोचली. भारतात मायराडा आणि आगा खान ग्रामीण सहाय्य कार्यक्रम या संस्थांनी ती आधी वापरली. गावकऱ्यांनी जमिनीवरच आपल्या गावाचा नकाशा काढायचा: रांगोळीने रस्ता, गोट्याने घर, पानाने झाड, बियांनी विहिरीतले पाणी. ज्यांना कागदासमोर बोलायचे धाडस होत नाही, त्या बायाबापड्या मातीसमोर बोलू लागतात, कारण चुकले तर हाताने पुसता येते. भेंडवळचा घट पाहिलेल्या माणसाला यात नवे काय वाटणार?

बुलढाणा जिल्ह्यातही हे काम पोहोचले आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 पासून सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हा जिल्हा आहे, आणि गावाचे सूक्ष्म नियोजन, शिवार फेरी, पाण्याचा ताळेबंद हा त्या प्रकल्पाचा पाया आहे. पाणलोटाच्या कामात माळावर एक साधी कृती दिसते. तीन काठ्या बांधून केलेली इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची चौकट, तिच्या टोकाला टांगलेला ओळंबा. दोर मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय समपातळीत. तिथे फक्कीची चिमूट टाकायची, चौकट फिरवायची, पुढची चिमूट. टेकाडाच्या अंगावर पांढरी वळणदार रेघ उमटते आणि त्या रेघेवर समतल चर खोदला जातो. पाऊस किती पडेल हे ती रेघ सांगत नाही; पडलेला पाऊस कुठे थांबवायचा ते सांगते. खारपाण पट्ट्याला या दुसऱ्या उत्तराची गरज जास्त आहे.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. अक्षय तृतीया एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये येते, आणि 1 मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. त्या ग्रामसभेत गावाने आपल्या शिवाराचा घट मांडावा. चार ढेकळांऐवजी चार वाट्या, त्यांत गेल्या वर्षी चार महिन्यांत मोजलेल्या पावसाप्रमाणे दाणे. पिकांच्या जागी तीच धान्ये, पेऱ्याच्या प्रमाणात. घागर म्हणजे गावतळे. जिथे पाणी वाहून जाते तिथे रांगोळीची रेघ, जिथे अडवायचे तिथे आडवी. शाळेतल्या मुलांनी तो कागदावर उतरवून पंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि पुढच्या 1 मे रोजी त्याच्याशी ताडून पाहावे. सामग्री घरातली आहे, रीत जुनी आहे, खुणा सगळ्यांना वाचता येतात. प्रश्न तेवढा बदलायचा आहे: पाऊस किती येईल, याऐवजी आलेला पाऊस आपण किती राखला?