आठ मागितले, तो म्हणाला ‘पाच’!

सिनेमाची आठ तिकिटं काढायला तुम्ही मित्राला पाठवलंत. थोड्या वेळानं त्याचा मेसेज येतो, ‘पाच’. बस, एवढंच. आता काय समजायचं? पाच काढली, की पाचच शिल्लक आहेत, काढू का असं विचारतोय? पहिला अर्थ धरून थिएटरवर पोचलात आणि हातात एकही तिकीट नाही, तर भांडण ठरलेलं!

लिनक्सच्या कर्नलमध्ये कित्येक वर्षं असाच एक मित्र होता. (मी मास कॉमची, माझा कोडिंगशी संबंध सेमिस्टरच्या एका पेपरपुरता. तरी हे मला लगेच कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.)

इंटरप्ट म्हणजे डिव्हाइसनं प्रोसेसरला मारलेली हाक. एसएसडीनं डेटा वाचला की ती सांगते, ‘झालं, घे.’ जुन्या पद्धतीत यासाठी एकच वायर, तीही अनेक डिव्हाइसेसनी वाटून घ्यायची. मग एमएसआय आलं, त्यात एका डिव्हाइसला 32 पर्यंत वेगवेगळ्या हाका. एमएसआय-एक्समध्ये तर 2048 पर्यंत. त्यामुळे प्रोसेसरच्या प्रत्येक कोरला स्वतंत्र हाक देता येते. पण त्या ड्रायव्हरला कर्नलकडून मागून घ्याव्या लागतात.

मागण्यासाठी ‘पीसीआय एनेबल एमएसआयएक्स’ हे फंक्शन होतं. उत्तर शून्य आलं तर काम झालं, मायनस आलं तर चूक. आणि प्लस पाच आलं तर? काहीच दिलेलं नाही, पण पाच मागितलेत तर मिळू शकतील! ज्यानं घाईत फक्त मायनसच तपासला, त्याचा ड्रायव्हर रिकाम्या हातानं खूश. वर एमएसआय-एक्स नाही तर एमएसआय, तेही नाही तर जुनी वायर, ही उतरंड प्रत्येक ड्रायव्हरनं आपापली लिहायची. तेच कोड, तीच चुकायची जागा.

2014 मध्ये ‘कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके’ असं मागायची सोय आली. मग 2016 मध्ये, लिनक्स 4.8 मध्ये, क्रिस्टोफ हेलविग यांनी ‘पीसीआय अलॉक आयआरक्यू व्हेक्टर्स’ हे फंक्शन आणलं. किमान किती, कमाल किती आणि कोणते प्रकार चालतील, एवढं सांगायचं. उतरंड ते स्वतः उतरतं. प्लस पाच म्हणजे पाच मिळाले, विषय संपला. किमान आकडाही जमला नाही तर सरळ एरर. परत करायलाही एकच फंक्शन, प्रकार कोणताही असो.

मला यातलं सगळ्यात काय आवडलं सांगू? हार्डवेअर तेच राहिलं. बदलली ती फक्त विचारायची आणि उत्तर द्यायची पद्धत.

तुमच्या लॅबमध्ये लिनक्स असेलच. त्यातल्या ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ नावाची फाइल उघडा. प्रत्येक कोरला आतापर्यंत किती हाका आल्या, ते आकडे दिसतील. मोठी फाइल कॉपी करा आणि ती पुन्हा उघडून बघा.